मधल्या घरात

“मावशी, मधल्या घरात कोणता आकडा घालू?” भिंतीपलीकडून मुलीने विचारलं.

“मी सांगितला तर गणित माझं होईल,” मावशी म्हणाली. ती पालथी पडून, भिंतीला गाल लावून बोलत होती. “नऊ घरं, एक ते नऊ आकडे. आडवी, उभी, तिरपी, कुठूनही बेरीज सारखी. किती यायला हवी?”

“पंधरा. ते कधीच काढलंय मी. पण लाईट नाही, वही दिसत नाही.”

“मग डोक्यात मांड.”

मावशीने स्वतः बोटाने धुळीत चौकट आखली. शाळेत गणिताच्या तासाला तिचं लक्ष कायम खिडकीबाहेर; आता चांगलीच पंचाईत झाली होती.

“झोप येतेय,” मुलगी पुटपुटली.

“गणित झाल्याशिवाय झोपायचं नाही!” मावशी इतक्या जोरात ओरडली, की मागे कुणीतरी दचकलं. मग आवाज मऊ करून ती म्हणाली, “आई आलीय. खाली थांबलीय. तिला काय सांगू?”

मावशीने भिंतीवर टकटक केली.

“थांब ना गं! एकाची जोडी नऊशी. दोनाची आठशी. तीन-सात, चार-सहा. सगळ्या दहाच्या. पाच बिचारा एकटाच उरला. म्हणजे तोच मध्ये, आणि जोड्या त्याच्या दोन्ही बाजूंना!”

मावशीच्या अंगावर काटा आला. हे तिला सुचलंच नव्हतं.

“बरं, पुढे?”

“एक कोपऱ्यात बसत नाही, करून बघितलं. वरच्या ओळीत लिही... दोन, सात, सहा. मग नऊ, पाच, एक. खाली चार, तीन, आठ.”

मावशी लिहीत गेली. आडवी ओळ पंधरा. उभी पंधरा. तिरपी बेरीज तिने दोनदा केली. पंधराच. अंधारात, कागदाशिवाय, एवढीशी पोर! ती धुळीतल्या आकड्यांकडे बघतच राहिली.

“चुकलं का?”

“चुकलं? अगं, तू मला गणित शिकवलंस.” मावशीने मागे वळून पाहिलं. “आता डोळे घट्ट मीट, डोकं हातांनी झाक. मोठा आवाज होईल. घाबरायचं नाही.”

ती उठली, हेल्मेट सरळ केलं आणि मागे श्वास रोखून उभ्या असलेल्या जवानांना खूण केली. कोसळलेल्या पाच मजल्यांच्या ढिगाऱ्याला कटर लागला, आणि दिवेलागणीच्या आत पोर जिवंत बाहेर आली.