आतली पट्टी

"नट सुटे नोको टाकू. ज्याचा त्याच्या बोल्टावर चढव," यादोराव सुनेला म्हणाला.

चंदाचा हात थांबला. बोटीच्या कडेची गंजलेली कडी ती सोडवत होती आणि निघेल ते टोपल्यात टाकत होती. "काहून? नट तं नट, मामाजी."

"आटे एकमेकाले लागलेले रायतात. अदलाबदल झाली की मंग कुरकुरतात."

"हे बी असंच म्हणत. साधी सायकल खोलली तरी पहिले नट बोल्टावर, मंग बाकीचं."

'हे' म्हणजे तिचा नवरा, धनंजय. ही सवय यादोरावानंच त्याला लहानपणी कान पिळून लावली होती.

बोट अंगणात पालथी पडून होती. फायबरची, शिडाची. धनंजयनं नागपूरच्या कोणाकडून तरी जुनीच घेतली होती. गावात तिला सगळे डोंगाच म्हणत आणि शिडाला हसत. हसण्यासारखंच होतं ते. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडांचे शेंडे जागोजागी उभे, तिथं वाऱ्याच्या भरवशावर कोण जाणार? म्हणून मागे छोटी मोटर टांगली. ती टांगायला ब्रॅकेट यादोरावानं स्वतः घडवला होता आणि मागच्या लाकडी फळीला चार बोल्टांनी आवळला होता. मोटर चोरीला जाऊ नये म्हणून तिचे स्क्रूही त्यानं ब्रॅकेटला वेल्ड करून टाकले होते; मोटर काढायची तर ब्रॅकेटसकटच.

गेल्या हिवाळ्यात बोट एकटीच सापडली. वाळलेल्या सागाच्या खोडावर तिची मागची बाजू आपटत होती. फळी फाटून गेलेली. ब्रॅकेट नाही, मोटर नाही, धनंजय नाही.

मग गावानं हिशेब जुळवला. ब्रॅकेट निखळला, मोटर सुटली, ती धरायला धनंजय झेपावला आणि तिच्याबरोबर खाली गेला. बुडालेल्या झाडांत अडकलेला माणूस वर येत नाही, असं शोधणारे म्हणाले आणि परत गेले.

यादोरावालाही तेच पटलं, ही खरी वाईट गोष्ट. फळी फाटू नये म्हणून तिला आतून लोखंडी पट्टी लावायला हवी होती. त्यानं लावली नव्हती. "रायू द्या बाबा, एवढं बस झालं," अशी धनंजयनंच घाई केली होती, पण मेलेल्या लेकावर कोण दोष टाकतो?

गोदावरीबाईनं तर टाकायचा तिथं टाकला होता. "तुमच्या हातचं लोखंड माह्या लेकाले घेऊन गेलं," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली आणि त्यानंतर त्याच्याशी बोलायची बंद झाली. ताट समोर ठेवायची आणि आत निघून जायची. यादोरावानं वेल्डिंगचं मशीन पोत्यानं झाकून टाकलं. ज्यांची ट्रॉली तुटली त्यांनी दुसरा मिस्त्री पाहिला.

आणि आता चंदाच म्हणाली होती, "दुसऱ्याच्या डोंग्यात किती दिवस बसू? जाळी माही, मासोळी माही, डोंगा लोकाचा. आपला डोंगा काढतो मी. ब्रॅकेट तुमीच करा, मामाजी."

त्या दिवशी यादोराव घरामागं जाऊन रडला होता. हे काम टिकलं तर आपण पुन्हा माणसांत येऊ, असं त्याला वाटत होतं.

जवळच्या शहापूरहून त्यानं जाड पट्टी आणली. फाटकी फळी काढून सागाची बसवली. ब्रॅकेटच्या दोन्ही कोपऱ्यांना तिरपे आधार वेल्ड केले. घरचा मोठा पाना धनंजय गेल्यापासून सापडत नव्हता, म्हणून ट्रॅक्टरवाल्याचा मागून आणला. नव्या बोल्टांच्या डोक्यावर पंचानं दोन-दोन ठिपके मारले. ती त्याची खूण होती. जुन्या चारही बोल्टांवर असेच ठिपके होते. ते आता पाण्याच्या तळाशी.

मग बोट सरळ करून तो कामाला लागला. दारात गोदावरीबाई येऊन उभी राहिली.

"आतून पट्टी लावली काय?" तिनं चंदाला विचारलं.

"लावून राहिले, आई. आतून बी, बाहेरून बी."

गोदावरीबाई आत गेली. थोड्या वेळानं तिनं चहा आणला, कप यादोरावासमोर ठेवला आणि या वेळी गेली नाही. तिथंच, बोटीला टेकून बसली.

"साखर कमी झाली काय?" तिनं विचारलं. चंदाला नाही, त्याला.

"बराबर हाय," यादोराव म्हणाला. चहा अगदी अगोड होता. तो त्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

तीन बोल्ट आवळून झाले. चौथ्याच्या नटाखाली घालायला एक वायसर कमी पडला.

"डोंग्याच्या पुढच्या खणात यांचा डबा हाय," चंदा म्हणाली. "त्यात असन."

बोट सापडल्यापासून त्या खणात कोणी हात घातला नव्हता. चंदानं डबा ओढून काढला. गंजलेला, जड, बिस्किटांचा. गोदावरीबाईनं तो आधी आपल्या हातात घेतला, पदरानं पुसला, डोळ्यांना लावला. "माह्या सोन्याचा हात लागला हाय याले," ती म्हणाली, आणि मग नवऱ्याच्या हातात दिला.

यादोरावानं झाकण उचकटलं. वर गळ होते, सुतळी होती, शिडाच्या दोरीचे तुकडे होते. त्यानं ते बाजूला केले आणि तळाशी बोटं घातली.

"भेटला काय वायसर?" गोदावरीबाईनं विचारलं. तिचा आवाज किती दिवसांनी मऊ झाला होता.

डब्याच्या तळाशी चार बोल्ट होते, डोक्यावर दोन-दोन ठिपके असलेले, आणि ज्याचा नट त्याच्या बोल्टावर शेवटपर्यंत नीट चढवलेला होता.