दोन ड्रायव्हर, एक नाडी

मांजरी गावात एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, मनगटावर सौरभने नाडीचा सेन्सर बांधला होता. आकडा त्याला हडपसरच्या ऑफिसात बसून दिसायचा. सकाळी कॉम्प्युटरचा कर्नेल, म्हणजे त्याच्या सिस्टीमचा गाभा, अपडेट झाला आणि सेन्सर वाचणारे दोन ड्रायव्हर प्रोग्राम सवतींसारखे भांडू लागले. एक म्हणे बहात्तर, दुसरा म्हणे शून्य. आता बापाच्या नाडीला शून्य म्हणणारा कुठल्या मुलाला खरा वाटेल? सौरभने त्या खोटारड्याला कॉम्प्युटरमधून मुळासकट उपटलं आणि भांडण मिटलं म्हणून निवांत चहा घेतला.

तेवढ्यात शेजारच्या चंद्रभागामावशींचा फोन आला.

"सौरभ, दादा उठंनात रं."

"झोपले असतील, मावशी. नाडी बहात्तर दाखवतेय की."

"दाखवू दे, बाबा. मी त्यांचं डोळं मिटवलंय. तू निघ."