गालावर दोन थेंब

"दोन थेंब तळहातावर चोळायचे अन् गालावर असे थापायचे," स्वतःचा गाल थापत हौसाताई म्हणाल्या. "बिया न तापवता काढलेलं डाळिंबाचं तेल हाय. ओशट होत नाही, कोरडी कातडी मऊ पडते."

बचत गटाच्या स्टॉलवर रिटायर झालेले बाबर सर रोज यायचे, हेच विचारायचे आणि बाटली न्यायचे.

"सर, घरात तुम्ही एकटे. एवढं तेल लावता कुठं?"

सरांनी लाजत पिशवी उघडली. आजवर नेलेल्या सगळ्या बाटल्या आत, सीलं जशीच्या तशी!

"लावत नाही हो. तुम्ही गाल थापून दाखवता ना, ते बघायला येतो."

नवऱ्यामागं एकट्या राहिलेल्या हौसाताईंना शाळकरी पोरीसारखं हसू फुटलं, आवरेचना.

"हळू हसा, लोक बघतायत," सर कावरेबावरे झाले.

ताईंनी एका बाटलीचं सील फोडलं आणि दोन थेंब थेट सरांच्या गालावर थापले.

"लोक? लोक गेले तेल लावत!"