आईची प्रत

"बबडे, दादा आला का गं?"

पलीकडच्या खोलीतून आईने सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं. ती मटार सोलत बसली होती.

"येईल गं!" मुलीने कॉम्प्युटरसमोरूनच ओरडून सांगितलं आणि डोळे पुसले. दादाला जाऊन वर्षं लोटली होती. खरं सांगावं तर आई आत्ताच कळल्यासारखा हंबरडा फोडायची, आणि तासाभराने पुन्हा दाराकडे डोळे लावून बसायची. बिचारीला रोज नव्याने तेच दुःख.

आईच्या आठवणी आता डोक्यात कमी आणि कानामागे बसवलेल्या बटणाएवढ्या यंत्रात जास्त होत्या. त्या यंत्राचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत मुलगी सगळ्यांत जुनी. आज तिने मनाशी पक्कं केलं होतं, दादाची आठवणच काढून टाकायची. पण आधी आठवणींच्या प्रतीवर करून बघायचं. थेट आईवर प्रयोग करायला ती काय वेडी होती?

"बबडे, ऐकतेस ना? दादा..."

"अगं हो, हो!" म्हणत तिने ओळ टाइप केली. कानामागचं यंत्र कॉम्प्युटरला बिनतारी जोडलेलं होतं आणि प्रोग्राममध्ये त्याचं नाव 'आई' असंच होतं.

चाचणी = आई;

फोनवर टीममधली मैत्रीण होती. "प्रत करताना 'न्यू' हा शब्द लिहिलास ना गं? त्याशिवाय नवी प्रत बनत नाही."

"मला शिकवतेस? नुसतं बरोबरचं चिन्ह टाकलं की प्रत होत नाही, त्याच वस्तूला दुसरं नाव पडतं, हे तुमच्याकडून घोकून कुणी घेतलं? मला घरी बबडी म्हणतात म्हणून मी काय दोन झाले?"

"बरं बाई! लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." हसत मैत्रिणीने फोन ठेवला.

मुलीने 'चाचणी'मधून दादाला पुसलं. मग स्क्रीनवर विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

उत्तर उमटलं. "एकच. मुलगी. फार गुणाची आहे हो."

तिला एकदम रडूच आलं. किती दिवसांनी तिचं कुणी कौतुक केलं होतं! पलीकडची हाकही थांबली होती. आईचा डोळा लागला वाटतं, बरं झालं.

इथेच थांबायला हवं होतं. पण हाताची सवय वाईट. प्रोग्राम मोडेपर्यंत ताणून बघायचा, मोडलाच तर प्रतीत मोडू दे. बॅकअपचं बटण समोरच होतं. प्रतीचा कसला आलाय बॅकअप! तिने शाळा पुसली, लग्न पुसलं, जुनं घर पुसलं. शेवटी जीभ चावत स्वतःलाही पुसलं.

"तुम्हाला मुलं किती?"

या वेळी उत्तराला वेळ लागला. "मुलं? नाही हो. या ना, बसा. कुणाकडे आलात?"

प्रत असली म्हणून काय झालं, बोलणं आईचंच होतं. "शी, नको गं बाई!" म्हणत तिने सगळं बंद करून टाकलं. उद्या फक्त दादा काढायचा, तोही हलक्या हाताने. तिने दोन कप चहा केला आणि पलीकडच्या खोलीत गेली.

आई जागीच होती. अर्धे मटार तसेच राहिले होते. तिने मान वर केली, पदर सावरला आणि पलंगावर थोडी सरकून जागा करून दिली.

"या ना, बसा," आई हसून म्हणाली. "कुणाकडे आलात?"