इंडियाचं टेबल

मृणालच्या टेबलावर ‘इंडिया’ अशी पाटी होती. मेलबर्नच्या शाळेत आज बहुसांस्कृतिक दिवस. डब्याला वास येतो असं मुलं चिडवायची, म्हणून चौथीतली ऊर्वी आईला रोज फाटकापासून लांबच उभी करायची. आज त्याच मुलांनी कोथिंबीरवड्या चाखल्या, की लेक मान वर करून सांगेल, ‘ही माझी आई.’ याच आशेवर मृणालनं पहाटे उठून साठ तळल्या होत्या.

“अ‍ॅलर्जीचा नियम आहे हं, कुणी काही खायचं नाही,” बाई लगबगीनं येऊन म्हणाल्या. “संस्कृती फक्त बघायची!” आणि त्यांनी वड्यांवर प्लास्टिक ताणून बसवलं. शेजारच्या इटलीनं खांदे उडवले.

मग प्रश्नांचे कागद घेऊन मुलं आली. दोन मैत्रिणींच्या मधे ऊर्वी.

“तू विचार ना,” एकीनं तिला ढोसलं.

कागदात डोळे घालून ऊर्वीनं वाचलं, “मिस, तुमचं नाव काय?”

मृणालनं सांगितलं, स्पेलिंगसकट.

“तुम्हाला मुलं आहेत?”

विचारताना तिनं मैत्रिणींकडे चोरून पाहिलं.

“नाही,” मृणाल म्हणाली.

ऊर्वीनं चौकोनात नीट खूण केली, थँक्यू म्हटलं आणि व्हिएतनामकडे वळली.