वरून येणारे ठोके

बंगल्यातल्या साऱ्या माणसांना दिवाणखान्यात बसवून टीव्हीवरचा इन्स्पेक्टर आता खुन्याचं नाव घेणार, एवढ्यात छतावर ठोके पडले. टक, टक, टक.

तिने दाताने दोरा तोडला आणि वर पाहिलं. कपाळावर आठी चढली. तासाभरात ही चौथी वेळ होती.

ती घरीच बायकांचे कपडे शिवायची. सगळे तिला टेलरताई म्हणत. नवऱ्याची ड्युटी रविवारीही असायची. त्यामुळे दुपारी हातशिलाईचं काम मांडीवर घेऊन ती टीव्हीसमोर बसे. इंग्लंडातल्या जुन्या काळच्या मालिकांचं तिला वेड होतं. खून कुणी केला याची उत्सुकता असायचीच, पण खरा जीव अडकायचा तो तिथल्या कॉलरींत, बटणांत आणि घोळदार झग्यांच्या चुण्यांत. इंग्रजी तिला कळत नव्हतं. पडद्यावर खाली येणारी मराठी अक्षरं वाचून तिचं भागायचं.

वर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. जन्मभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. आता नजर पार अधू झाली होती. भिंत चाचपत जिना उतरायच्या, पावलांवरून माणूस ओळखायच्या आणि "बरी आहेस ना?" एवढं विचारायच्या. ओळख तेवढीच.

दीड महिन्यापूर्वी वरून त्यांच्या काठीचे ठोके सुरू झाले. पहिल्यांदा तिने जीभ चावली आणि टीव्हीचा आवाज कमी केला. ठोके आलेच. आणखी कमी केला, तरी आलेच. शेवटी तिने आवाज इतका खाली आणला की मांडीवरच्या कापडाची सळसळ त्याहून मोठी वाटावी. तर त्या रविवारी काठी जास्तच जोरात आपटली.

"आता काय श्वास घ्यायचाही सोडू?" ती नवऱ्यापाशी धुसफुसली होती. "माझ्याच घरात मी चोरासारखी बसते."

"जाऊ दे गं, म्हातारं माणूस आहे," तो म्हणाला होता.

आज मात्र तिची सहनशक्ती संपली. तिने रिमोट उचलला आणि आवाज चढवत नेला. खिडकीची काच थरथरली. इन्स्पेक्टर साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असा बोलू लागला. "घ्या आता!" ती छताकडे बघून म्हणाली.

वरची काठी थांबली. मिनिटभराने धप्प असा आवाज झाला.

रागाने काहीतरी आपटलं वाटतं, तिने मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तिने तशाच आवाजात आणखी दोन भाग पाहिले.

संध्याकाळी वरच्या बाईंची भाची आली आणि जिन्यात धावपळ उडाली. बाईंना स्ट्रेचरवरून खाली आणलं तेव्हा टेलरताई आपल्या दारातच उभी होती. बाईंचा चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. खुब्याचं हाड मोडलं होतं.

"मावशी तीन तास जमिनीवर पडून होती हो!" भाची रडत म्हणाली. "तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही," ती म्हणाली.

त्या दिवसापासून टीव्ही बंद पडला. सुईत दोरा ओवायला पाच-पाच मिनिटं लागू लागली. एका गिऱ्हाइकाच्या झग्याला तिने डावी बाही उजवीकडे लावली.

"टीव्ही बिघडलाय का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. मी बिघडलेय."

आठव्या दिवशी भाची एक गाऊन घेऊन आली. ऑपरेशननंतर मावशीला डोक्यावरून कपडा घालता येत नव्हता. पुढून उघडेल असा करून मिळेल का? टेलरताईने हातातलं सगळं काम बाजूला सारलं, गाऊन उसवला आणि दुपारपर्यंत पट्टी लावून तयार केला. बटणं मुद्दाम मोठी निवडली, बोटांना सापडतील अशी. मग तो घेऊन ती स्वतःच हॉस्पिटलात गेली.

बाई उशाला टेकून बसल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली. "टेलरताई ना? ये."

तिने गाऊन त्यांच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं. बसली असती तर धीर सुटला असता.

"बाई, तुम्ही पडलात तो आवाज मी ऐकला होता. ऐकूनही वर आले नाही. भाचीशी खोटं बोलले. तुम्ही आवाज कमी करायला सांगत होतात, आणि मी मुद्दाम, तुम्हाला खिजवायला, आवाज मोठा केला."

बाई बराच वेळ गाऊनची बटणं चाचपत राहिल्या.

"ऐकून आली नाहीस, हे वाईट केलंस," त्या शेवटी म्हणाल्या. "फार हाका मारल्या गं मी."

तिने मान खाली घातली. तिला वाटलं, आता बाई 'जा' म्हणतील.

"पण चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकाएकी शाळेतल्या मुलीसारखा ओशाळला. "मला दिसत नाही. दिवसभर घरात कुणाचा शब्द कानी पडत नाही. तुझ्याकडून ती इंग्रजी वाक्यं वर यायची आणि मी जमिनीवर उशी टाकून, कान लावून बसायची. खाली येऊन सांगायला लाज वाटायची. म्हणशील, म्हातारी चोरून ऐकते. त्या दिवशी आवाज इतका छान आला की म्हटलं, समजलं एकदाचं पोरीला. घाईघाईने उशी आणायला उठले, तोच तोल गेला."

"समजलं? काय समजलं?"

"अगं, मी कमी कर म्हणून नव्हते ठोकत. वाढव म्हणून ठोकत होते."