काळा प्रोब

पडद्यावरच्या हिरव्या लहरीचे कोपरे काही केल्या काटकोनात येईनात. चौकोनी लहर कशी हवी? वर सपाट, खाली सपाट, कोपरे ताठ. ही मात्र झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गोलमटोल. "ये ना गं बाई, ये ना एकदाची," असं तिलाच विनवत सूनबाईनं बारक्या स्क्रूड्रायव्हरनं ट्रिमरचा इवलासा स्क्रू आणखी केसभर फिरवला.

साडेअकराला तपासनीस यायचा होता. विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या या चाळीस वर्षं जुन्या ऑसिलोस्कोपवर त्याची सही झाली, तरच हॉस्पिटलची यंत्रं तपासायचं काम सासऱ्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाकडे राहणार. आणि दुसरं काम म्हणाल तर नाहीच. इतकी वर्षं सासरेच हा स्कोप दर साली नीट जुळवून लावून ठेवायचे. यंदा त्यांचे डोळे अधू झाले. "मी करीन बाबा, तुम्ही नुसते बसा," असं सूनबाईनंच छातीठोकपणे सांगितलं होतं. घ्या आता!

सासरे खुर्चीत कान देऊन बसले होते. स्कोपच्या प्रत्येक रेंजला, म्हणजे मोजायच्या टप्प्याला, एक ट्रिमर असतो आणि तो हलू नये म्हणून त्यावर लाल लाखेचा ठिपका. ठिपका फुटला की कट्ट असा आवाज होतो, आणि तेवढा त्यांना बरोबर ऐकू यायचा.

"कितवी लाख फोडलीस?"

"अकरावी."

"अकरा?" त्यांचा आवाज चिरकला. "अगं, मी जन्मात तीन फोडल्या नसतील!"

"मग काय करू? सगळ्याच रेंजला कोपरे गोल येत होते! दहा लावून झाल्या, ही शेवटची." तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

आणि तेवढ्यात कोपरे ताठ झाले. सूनबाई अक्षरशः किंचाळली. "आलं! बाबा, आलं! अकराच्या अकरा रेंज सरळ!"

सासरे हसले नाहीत. "सगळ्याच रेंजला गोल येत होते म्हणालीस ना? प्रोब कुठला लावलायस?"

प्रोब म्हणजे ज्या वायरीची सुई यंत्राला टेकवून लहर स्कोपपर्यंत आणायची, ती वायर. दुकानात असे दोन होते.

"काळा."

"पांढरा लावून बघ."

तिनं पांढरा लावला, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. प्रत्येक कोपऱ्याला वर शिंग फुटलं होतं. तिनं भराभर बटण फिरवलं. अकराही रेंजला शिंगं. खराब होता तो काळा प्रोब. त्याची खोट झाकायला तिनं चांगला स्कोप आतून वाकडा करून ठेवला होता. आधी प्रोब तपासायचा, मग यंत्राला हात लावायचा, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. घाईत ते चुलीत गेलं.

"आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला," सासरे पुटपुटले. "पुन्हा लावायला तीन तास तरी हवेत."

अकरा पंचवीस झाले होते. सूनबाई फरशीवरच बसली. "बाबा, मी सगळं मातीत घातलं हो."

सासरे खालच्या आवाजात म्हणाले, "काळाच लाव."

"काय?"

"काळ्यानं सरळ दिसतंय ना? मग लाव. तपासनीस स्वतःचा प्रोब आणत नाही. माझ्या भरवशावर आपल्याच प्रोबनं बघतो. सही होऊ दे. तो गेला की आपण सगळं पुन्हा नीट लावू. कुणाला कळायचंय?"

वायर जळाली तर "माझ्याच हातून जळाली" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा हा माणूस! सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खिडकीकडे फिरवली होती. तिनं काळा लावला.

तपासनीस हसतच आत आला. "काय काका, सूनबाईंनी गादी सांभाळली म्हणायची!" त्यानं अकराही रेंज पाहिल्या, वाहवा केली आणि फॉर्म काढून खुर्ची ओढली. "प्रोब तपासलेला आहे का... हा एक रकाना उगाचच असतो बघा," म्हणत तो ‘होय’ लिहायला लागला.

"नाही," सूनबाई म्हणाली.

त्याचं पेन थांबलं. सूनबाईनं काळा प्रोब उपटून पांढरा लावायला घेतला; तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. पडद्यावर शिंगं आली.

"मी चुकले, साहेब. खराब प्रोबवर स्कोप लावला. मघाशी कळलं, तरी तुम्हाला दाखवायला काळाच जोडला."

"तिनं नाही!" सासरे खुर्चीची पाठ धरून उठले. "मी सांगितलं तिला. माझ्यामुळे झालं. आज पहिल्यांदाच हो, साहेब. देवाशपथ सांगतो, पहिल्यांदाच."

त्या पोराएवढ्या माणसाला त्यांनी आजवर कधी साहेब म्हटलं नव्हतं. तपासनिसानं पेनाला टोपण लावलं. पडद्याकडे त्यानं पुन्हा पाहिलंच नाही. सासऱ्यांकडे मात्र पाहत राहिला.

"तेरा वर्षं मी तुमच्या प्रोबनं बघून सही करतोय, काका," तो म्हणाला. "आज पहिल्यांदाच, हे आता मी कशानं तपासू?"